उभ्या गाडीचा दावा

६ मे, मंगळवार

आज माझ्या गाडीला ठोकर बसली. गाडी चालत नव्हती आणि मी गाडीत नव्हते. ती मोहाच्या सावलीत उभी होती.

सकाळी सोमारीला बघायला टोल्यावर गेले होते. धानोऱ्याच्या पुढे जंगलातल्या या छोट्या वस्तीवर मी एकवीस वर्षं नर्स होते आणि सोमारी दाई. माझ्या रजिस्टरात नोंदलेली निम्मी बाळंतपणं खरं तर तिच्या हातची. मला निवृत्त होऊन तीन वर्षं झाली, आणि तिला आता चार पावलं चाललं की दम लागतो. महिन्यातून एकदा बीपीचं मशीन घेऊन जाते. मशीनचा पट्टा दंडावर आवळला की ती दरवेळी तेच म्हणते, "बाई, हा साप सोडा."

आजही तेच म्हणाली, आणि तेवढ्यात बाहेर पत्रा चेपल्याचा आवाज आला.

रीनाने ट्रॅक्टर मागे घेताना ट्रॉली माझ्या गाडीच्या मागच्या अंगात घातली होती. डिकीचं झाकण आत गेलं, डावा दिवा फुटला, बंपर लोंबत होता. रीना सोमारीची धाकटी लेक. तेवीस वर्षांची झाली. जन्मली तेव्हा रडेना, म्हणून मी तिला पायांनी उलटं धरून पाठीवर थापटलं होतं. ग्रामसभेने तेंदूपानांच्या उत्पन्नातून ट्रॅक्टर घेतला, तेव्हा चालवायला धड एकटी तीच शिकली. लायसन अजून लर्निंगचं आहे, पक्क्याची टेस्ट जूनमध्ये. दोन्ही हात डोक्यावर ठेवून उभी होती.

"असू दे गं," मी म्हटलं. "लोखंडच आहे."

म्हटलं खरं. पण स्वतःच्या नावावर मी आयुष्यात घेतलेली ही पहिली वस्तू. अठ्ठावन्नाव्या वर्षी गाडी शिकले तेव्हा शेजारचे लोक ओट्यावर उभे राहून बघायचे.

गाव जमलं. चैतू गायता, म्हणजे गावातला मोठा माणूस, मोहाच्या बुंध्याशी बसला आणि तासभर गोंडीत बोलणं चाललं. माझी गोंडी ताप, जुलाब आणि कळा यांच्या पुढे कधी गेली नाही, म्हणून मी सोमारीच्या दारात वारा घेत बसले. मग चैतू आला आणि म्हणाला, "बाई, जेवसाल का आमच्याइथी?"

एकवीस वर्षांत मी या गावात जेवले नव्हते. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टर उकळलेल्या पाण्याशिवाय बोलायच्या नाहीत. ती शिस्त अंगात मुरली होती, माझा डबा नेहमी जीपमध्ये असायचा. आज डबा नव्हता. भूकही लागली होती. "जेवते की," म्हटलं. ऐकून सगळे एकमेकांकडे बघू लागले. मला वाटलं, इतक्या वर्षांनी बाई हो म्हणाली याचं नवल वाटलं असेल.

रीनाने माझ्या हातावर पाणी घातलं. पानाच्या द्रोणात भात आणि कोंबड्याचा रस्सा. मी पहिला घास घेईपर्यंत कोणी हात लावला नाही. नंतर साऱ्या गावाने एकेक घास खाल्ला, अगदी कडेवरच्या पोरांच्या तोंडालाही शीत लावलं. तोवर चैतूने फुटलेल्या दिव्याचे लाल तुकडे एकेक करून वेचले आणि मोहाच्या मुळाशी खड्डा करून पुरले. लेकरांच्या पायात रुतू नयेत म्हणून केवढी काळजी! शहरात कोणी वाकलं नसतं. रीना माझ्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडली.

"झालं बाई," चैतू म्हणाला.

"झालं," मीही म्हटलं.

डिकी सुतळीने बांधून घरी आले. ट्रॅक्टरचा नंबर डायरीच्या मागच्या पानावर उतरवून ठेवला आहे. जे घडलं ते पूर्ण लिहायचं, ही सिस्टर रोझलिनची शिकवण, सातवीपासूनची.

७ मे, बुधवार

वामनरावांनी गाडीभोवती तीन फेऱ्या मारल्या. नवरा म्हणून कमी, तहसीलमधले निवृत्त अव्वल कारकून म्हणून जास्त. "उभ्या गाडीला?" एवढंच पुन्हा पुन्हा. पुण्याहून कुलदीपचा फोन. "आई, इन्शुरन्स कशाला भरतो आपण? क्लेम टाक. कंपनी देते, कोणाचं काही जात नाही."

कंपनीच्या नंबरवर चाळीस मिनिटं बासरी ऐकली. मग एक मुलगी आली.

"गाड़ी कौन चला रहा था, मैडम?"

"कोई नहीं. खड़ी थी."

"ड्राइवर का नाम तो डालना पड़ेगा."

"मेरा डालो."

"तो आप चला रही थीं?"

"मैं खाना खा रही थी." तेही खरं नव्हतं. ठोकर बसली तेव्हा मी सोमारीचं बीपी घेत होते. फोन ठेवल्यावर लक्षात आलं आणि दिवसभर टोचत राहिलं.

९ मे, शुक्रवार

गाडी गॅरेजला सोडली. संध्याकाळी क्लेमचा फॉर्म भरायला बसलो, म्हणजे वामनराव बसले आणि मी चहा करत राहिले. ते फॉर्म भरायला बसले की चेहऱ्यावर पूर्वीचं तेज येतं. पेन दोन, एक काळं, एक निळं. गाडीच्या आरशापासून पुस्तकातल्या इंजिन नंबरपर्यंत सगळं जुळवलं.

"समोरच्या वाहनाचा क्रमांक," त्यांनी वाचलं.

"तो राहू द्या. कशाला त्या पोरीचं नाव?"

"रकाना रिकामा राहिला की फाईल परत येते. पस्तीस वर्षं मीच परत पाठवत होतो. आणि तिच्याकडून कोण काय मागतंय? कंपनी देणार. का अज्ञात वाहन लिहू? खोटं?"

खोटं म्हटल्यावर मी उठले. डायरीचं मागचं पान काढून दिलं. चालकाचं नाव, रीना. गाव. लायसन, लर्निंग. त्यांचं अक्षर अजून मोत्यासारखं आहे. मी सही केली.

पूर्ण नावाची सही करताना दरवेळी बाबा आठवतात. बल्लारपूरच्या पेपर मिलमध्ये लगदा ढवळणारा माणूस, मुलीचं नाव संघप्रिया ठेवतो आणि तिला कॉन्व्हेंटमध्ये घालतो. सिस्टरांना ते म्हणता येईना. त्या प्रिया म्हणायच्या. बाबा शाळेत येऊन सांगून गेले, "पूर्ण म्हणा. अर्धं नाव अर्ध्या पगारासारखं असते."

१२ मे, सोमवार. बुद्धपौर्णिमा

विहारात गेलो. पांढरं लुगडं इस्त्री करायला वीजच नव्हती, तसंच नेसले. पंचशील घेताना चौथ्या शीलावर दरवर्षी अडखळते, आज अडखळले नाही. मुसावादा वेरमणी. खोटं बोलण्यापासून दूर राहीन.

शाळेत दर शुक्रवारी कॅथलिक मुली कन्फेशनला रांगेत जायच्या आणि आम्ही बाकीच्या चर्चच्या पायरीवर बसायचो. मला त्यांचा हेवा वाटायचा. बाहेर येताना त्यांचे चेहरे धुतल्यासारखे दिसायचे. आज तसं वाटलं. फॉर्ममध्ये सारं खरं लिहिलं, बरं झालं.

१३ मे, मंगळवार

सर्व्हेअर आला. प्रवीण नावाचा हसरा माणूस, रुमाल डोक्यावर बांधून गॅरेजमध्ये वाकून वाकून फोटो काढत होता. घाम नाकावरून मोबाईलवर टपकत होता.

"मॅडम, एक बोलू का? रागावू नका. अज्ञात वाहन लिहिलं असतं न, तर चार दिवसांत गाडी घरी होती."

"मला माहीत होतं कोणाची ठोकर ते."

"तेच तर. आता समोरची गाडी माहीत आहे, चालक लर्निंगवाला आहे, मग कंपनी मले विचारते पोलिसाचा कागद कुठी आहे. ठाण्यात एक अर्ज द्या. नोंदीची कॉपी आणा. बस." मग दिव्याच्या खाचेत बोट घालून म्हणाला, "अन् याचे तुकडे?"

"ते तिथेच राहिले. पुरले त्यांनी."

"पुरले?" तो हसला. "काढाले सांगा. फोटो लागते."

रीनाला फोन लागत नव्हता. आवाजी निरोप पाठवला: बेटा, दिव्याचे तुकडे मोहाखालून काढून ठेव, मला लागणार आहेत.

१५ मे, गुरुवार

भाड्याची गाडी करून धानोऱ्याला गेलो. ठाण्यातला हवालदार सज्जन होता, पंखा आमच्याकडे वळवला. वामनरावांनी अर्ज घरूनच लिहून नेला होता, चार परिच्छेद, शेवटी "उचित कार्यवाही व्हावी". मी म्हटलं, एवढं कशाला, नुसती नोंद हवी आहे. ते म्हणाले, अर्जाचा शेवट असाच असतो.

निरोपाचं उत्तर नाही. ऐकला आहे, निळ्या खुणा दिसतात. एवढंसं काम. खड्डा काही पुरुषभर खोल नव्हता. हल्लीची मुलं, दुसरं काय. थकले. इतक्या उन्हात या वयात कागदामागे फिरणं होत नाही.

१७ मे, शनिवार

दुपारी एक वाजता सोमारी आली. एकटी, एसटीने. स्टँडपासून घरापर्यंत पायी. पायरीवर बसली तेव्हा छातीतून शिट्टी वाजत होती. मी धावत पाण्याचा तांब्या आणला.

"पाणी नको बाई."

"अगं, आधी घोट तरी घे."

"नको."

तांब्या माझ्या हातातच राहिला. आई सांगायची, छप्पन्नच्या आधी तिच्या हातचं पाणी कोणी घेत नसे. आणि नंतर पहिल्यांदा एका परक्या बाईने तिच्या घरी पेलाभर पाणी मागून घेतलं, तेव्हा आई आत जाऊन रडली. माझ्या उंबऱ्यावर पाणी नाकारणारं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. क्षणभर भलतंच मनात आलं. सोमारीच्या बाबतीत! एकाच किटलीतून आम्ही एकवीस वर्षं चहा प्यायलो आहोत.

"काय झालं ते सांग तरी."

"काल पोलीस आले. ट्रॅक्टर नेला. रीनाले दिवसभर ठाण्यात बसवलं. आता केस झाली म्हणते, पक्कं लायसन भेटत नाई म्हणते. तेंदूची पानं फळीवर, उघड्या मैदानात, वाळून पडली हायेत. पाणी आलं तर साऱ्या गावाचा सीझन मातीत. दुसरा ट्रॅक्टर कुठून आणाचा? साऱ्याइचेच पानं निंघून राह्यले."

"सोमारी, मी तिच्याविरुद्ध काही केलं नाही. ते कंपनीसाठी होतं. तुमच्याकडून एक पैसा..."

"तुमी जेवल्या न बाई?"

मला समजेना.

"आमच्या गावात कोनाचं नुकसान झालं, तर गाव बसते. ज्याच्या हातानं झालं त्याचा कोंबडा, त्याचा भात. ज्याचं नुकसान झालं त्यानं पहिला घास खाल्ला का मिटलं. मंग सारे खाते, म्हंजे सारे साक्षी. नसन मिटवाचं तर खात नाई मानूस. उठून जाते. कोनी जबरदस्ती नाई करत. चैतूनं तुमाले इचारलं, जेवसाल का. तुमी हो म्हटलं."

"मला वाटलं पाहुणचार..."

"फुटलं ते पुरलं. पुरलेलं उकरत नाई. तुमी त्याचाई निरोप धाडला. रीनानं तो साऱ्याइले ऐकवला. दोन घरी बाया रडल्या." तिने श्वास घेतला. "चैतू म्हने, बाईले गोंडी समजत नाई. मी म्हटलं, एकवीस वर्स झाले, गोंडी नसन समजत, तोंडातला घास तं समजते."

उठली. मी गाडीने सोडते म्हणायला तोंड उघडलं, गाडी गॅरेजला. रिक्षा आणते म्हटलं, तर ती चालायला लागली होती. स्टँडपर्यंत मी तिच्या मागे छत्री धरून चालले. ती थांबली की मी थांबत होते. छत्रीची सावली तिच्या अंगावर पडत होती, तेवढी तिने नाकारली नाही. एसटीत बसली आणि खिडकीबाहेर पाहिलं नाही.

१८ मे, रविवार

गॅरेजवाल्याकडून गाडी तशीच काढून आणली. त्याचं म्हणणं, मॅडम, काम सुरूच व्हायचं आहे, बंपर तारेने बांधून देतो. वामनराव सोबत आले. वाटेत एकदाच म्हणाले, "उचित कार्यवाही लिहायला नको होतं."

ठाण्यात तोच हवालदार.

"अर्ज मागं घ्या बाई, काई हरकत नाई. पण लायसनाचं मी कसं मागं घेऊ? ती एकटीच चालवत होती, हे तर तुमच्या साहेबानंच लिहून देल्लं."

"मग ट्रॅक्टर?"

"कागद बरोबर हायेत. चलान भरा, घेऊन जा. फक्त लर्निंगवालीच्या बाजूले पक्कं लायसनवाला बसला पाहिजे, चारचाकीचा. अन् मागंपुढं लाल एल. हाय का गावात असा कोनी?"

"आणि तिची टेस्ट?"

"चलान भरलं तर टेस्टले कोन अडवते? पोरगी उगाच भेली."

तिथून टोल्यावर. कोणी बस म्हणालं नाही. मी मोहापासून लांब, उन्हात उभी राहिले. मोहाखाली जायची हिंमत झाली नाही. हवालदार जे बोलला ते सांगितलं, टेस्टचंही. चलान मी भरते म्हटलं. चैतूने मान हलवली.

"भरा. पण पैशानं नाई मिटत."

"मग कशानं मिटतं? मी कोंबडा आणते, भात..."

"कोन खाईल बाई?" तो रागाने म्हणाला नाही. म्हणूनच जास्त लागलं.

गावात चारचाकीचं लायसन कोणाकडेच नाही. दोघांकडे मोटारसायकलचं आहे, एक त्यातला चंद्रपूरला कामाला. परत गोंडीत बोलणं झालं, आणि या वेळी मी एकेक तोंड बघत होते. ताप, जुलाब, कळा यांतला एकही शब्द आला नाही.

मग चैतूने विचारलं, "तुमच्यापाशी हाय न लायसन?"

"आहे."

"तं मंग बसा रीनाच्या बाजूले. पानं गोदामात जाईपर्यंत. रोज."

"बाई एकसष्ट वर्षांच्या आहेत," वामनराव म्हणाले.

"दंडाले वय नसते भाऊ," चैतू म्हणाला. "अन् मजुरीबी नसते."

१९ मे, सोमवार

क्लेम मागे घेतला. पुन्हा चाळीस मिनिटं बासरी. मागे घेण्याचं कारण काय, असं मुलीने विचारलं. मी म्हटलं, "मैंने खाना खा लिया था." तिने बिचारीने विचारलं, "पर्सनल रीज़न डाल दूँ?" डाल दो म्हटलं.

कुलदीप फोनवर ओरडला. "आई, तू वेडी झालीस का? मडगार्डवर बसणार? पडशील!" वामनरावांनी फोन माझ्या हातातून घेतला आणि म्हणाले, "आईला बोलू नकोस. अर्ज मी लिहिला होता." असं ते माझ्या बाजूने बोलल्याला किती वर्षं झाली असतील, आठवून पाहिलं. आठवलं नाही.

ट्रॅक्टर सुटला. लाल रंगाने दोन पत्र्यांवर एल मी काढला, खाली डौलदार वेलांटी घेणारा, शाळेतल्या चाररेघीतला. रीनाने पाहिला. "असा असते का?" म्हणाली. तेरा दिवसांत ती माझ्याशी बोललेली ही पहिली ओळ.

२१ मे, बुधवार

पहाटे पाचला निघते, सातला मडगार्डवर. हात एक सीटच्या पाठीला, एक दांडीला. टोला ते फळी, जिथे पानं सुकवून बोदांत भरतात, फळी ते गोदाम, पुन्हा फळी. रस्ता नाहीच. माकडहाड दुखायचं थांबलं आहे, आता तिथे काही आहे असंच वाटत नाही. धूळ दातांत. घरी आले की वामनराव गरम पाण्याची बादली तयार ठेवतात आणि काही विचारत नाहीत.

ट्रॉलीतल्या बाया माझ्याशी बोलत नाहीत, माझ्याबद्दल बोलतात. मला आता नाव पडलं आहे.

"लायसन आलं का?"

"आलं, आलं. चढवा लायसनले."

"लायसन लय जड हाय वो, दोघी लागा."

मी हसले तर त्या गप्प झाल्या. अजून हसायची परवानगी नसावी.

सोमारी दारात बसून असते. मी बीपीचं मशीन काल नेलं होतं. तिने हात पुढे केला, माप घेऊ दिलं. पण सापाचं काही बोलली नाही. वरचं एकशे सत्तर.

रीना चालवते फार सुरेख. उतारावर इंजिनाचा आवाज ऐकूनच गियर टाकते. मी एकदा म्हटलं, "डावीकडे घे, दगड आहे." ती म्हणाली, "लायसन बोलत नसते बाई. लायसन खिशात राहते."

२३ मे, शुक्रवार

दुपारपासून धानोऱ्याकडून ढग चढले. तीनशेच्या वर बोद फळीवर उघडे. कोणी ओरडलं नाही, फक्त सगळ्यांचे हात दुप्पट झाले. मला कोणी सांगितलं नाही, पण मी मडगार्डवरून उतरले आणि बोदाचं एक टोक धरलं. दुसऱ्या टोकाला कोण आहे ते बघितलंच नाही. नंतर कळलं, चैतू होता. सत्तरीचा माणूस. दोघांनी मिळून अकरा बोद ट्रॉलीत टाकले, मग माझ्या कमरेने नकार दिला. "बसा आता," तो म्हणाला. पाच थेंब पडले आणि ढग छत्तीसगडकडे गेले.

उद्याच्या दोन खेपा राहिल्या.

२४ मे, शनिवार

आज फार लिहिणार नाही. पेन धरवत नाही.

शेवटची खेप चार वाजता गोदामात उतरली. मुनशीने बोद मोजून घेतले आणि आम्ही परत फिरलो. ट्रॉली रिकामी, तिच्यात पंधरा-वीस बाया, दोन म्हातारे आणि चैतू. सगळ्यांचे चेहरे मातीचे. कोणी गात वगैरे नव्हतं, माणसं दमली की गात नाहीत. मी मनात शब्द जुळवत होते. टोल्यावर पोचलं की चैतूला विचारायचं, आता मिटलं का. विचारावं की विचारू नये? सिस्टर रोझलिन म्हणाल्या असत्या, विचार. आई म्हणाली असती, गप्प बस.

तेवढ्यात कधीतरी माझा डोळा लागला.

जाग आली तेव्हा पहिल्यांदा शांतता ऐकू आली. इंजिन बंद होतं. माझं डोकं रीनाच्या खांद्यावर होतं आणि तिचा एक हात मागून माझ्या कमरेला, मी घसरू नये म्हणून. मला वाटलं, डिझेल संपलं, नाहीतर काही बिघडलं. बघते तर अजून निम्मा रस्ता बाकी. झाडांच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडे गेल्या होत्या. ट्रॉलीतल्या बाया तशाच बसून होत्या. कोणी तंबाखू मळत होतं, एकीने पोराला पाजायला घेतलं होतं. घरी चुली पेटायच्या होत्या, गुरं बांधायची होती, आणि सगळ्या मधल्या रस्त्यात बसून होत्या.

"काय झालं? काऊन थांबलो?" माझ्या तोंडून त्यांचंच 'काऊन' निघालं.

"काई नाई," रीना म्हणाली. हात न काढता.

"किती वेळ झाला?"

"झाला अस्सन अर्धा घंटा."

"अगं, मग उठवायचं ना! नाहीतर तसंच चालवायचं, रस्ता रिकामा आहे."

मागून चैतू बोलला. "कसं चालवाचं बाई? लायसन झोपलं होतं. कायदा हाय न."

कोणीतरी आधी फसकन हसलं, मग सगळीच ट्रॉली.

मी सरळ बसले, पदराने तोंड पुसलं. रीनाने चावी फिरवली.